सात टाके

सोहारच्या बंदररस्त्यावर औषधांचं दुकान.
रात्री अकरालाही बाहेर छत्तीस;
फ्रिजमध्ये पेनं गारव्यात निजलेली.

इस्माइल खोत क्रेनवरून उतरून येतो,
सदरा वर करतो, विचारतो,
"हे जातं कुठं?"

मी बिलाच्या पाठीवर पेशी काढते.
तिच्या कातडीत एक धागा
सात वेळा आत-बाहेर, गोधडीच्या टाक्यासारखा.
एक टोक बाहेर लोंबतं, ते रिसेप्टर.
आतड्याकडून निरोप येतो, जेवण पोचलं,
आणि त्या टोकाला बिलगतो.
तो स्वतः आत जात नाही,
नुसती खबर जाते.
शरीरातला निरोप दोन मिनिटांत विरतो,
कारखान्यातला आठवडाभर दारात उभा.

"म्हणजे खोटा?"
खोटा नाही हो. लांबवलेला.

तिसऱ्या महिन्यात साखर उतरली,
पट्ट्याला दोन नवी भोकं.
आणि काउंटरवर त्याने डबा ठेवला,
दाभोळहून जैनबने पाठवलेले सोडे.
"तुम्ही न्या. भूकच नाही.
बावीस वर्षं घर पोटातून आठवायचं,
आता कुठून आठवणार?"

यावर माझ्याकडे चित्र नव्हतं.
पुढचा डोस लिहून दिला,
चालायला सांगितलं, पाणी प्यायला सांगितलं.

शटर ओढण्याआधी मी डब्याचं झाकण काढलं
आणि धावतच बाहेर गेले.
"खोत, खाऊ नका,
नुसता वास घ्या."

नाकातही तसलेच धागे असतात,
सात टाक्यांचे.

तो डब्यावर वाकला
आणि बराच वेळ
वर आला नाही.