आठ तास पाणी नको

गाडीच्या डिकीत घडीचा तंबू,
फवाऱ्याचं यंत्र, आणि तीन बाटल्या:
फिकट, मध्यम, लग्नाची गडद.
बाहेर मेयोचा पाऊस, आडवा.
सोमवारपासून सूर्य कुणी पाहिलेला नाही.
त्याच्या गैरहजेरीवरच माझं पोट चालतं.

अ‍ॅट्रॅक्टा डफी. वय एकाहत्तर. शनिवारी नातीचं लग्न.
दार उघडलं ते गाऊनमध्येच,
आणि फोनवर सांगितलेलं सगळं
हुशार मुलीसारखं बोटांवर मोजून दाखवलं:
काल खरखरीत हातमोज्यानं अंग घासलं,
पाय भादरले,
आज क्रीम नाही, अत्तर नाही, काखेत काही नाही,
"तेव्हा डर्व्हला, तू जरा लांबच उभी राहा."

गुडघे, कोपरं, घोटे, मी म्हटलं,
हे तिघे हावरट.
रंग दिसला की पीतच सुटतात.
म्हणून आधी त्यांना थोडं साधं क्रीम चोपडायचं,
पोट भरलेलं असलं की गप्प राहतात.
बोटं वाकवा, मांजरीच्या पंजासारखी.
श्वास धरा.
सोडा.

तंबूत ती उभी, कागदी चड्डीवर,
ताकात निळीचा थेंब पडावा तशी गोरी,
अंगभर तांबूस ठिपके,
डाव्या खवाट्याखाली नाण्याएवढा गुळगुळीत खड्डा.
तीळ होता, काढला.
"डॉक्टर म्हणाले, बाई, ऊन तुमचं कुणी लागत नाही."
व्रणावर रंग नीट धरत नाही,
ते मी आधीच सांगून टाकते.

किती गडद करू?

"ते तू बघ. फक्त रेघ नको.
कुठंच रेघ नको."

मग यंत्राच्या घरघरीवर, माझ्याकडे पाठ करून, ती बोलत राहिली.
मॅलकी रस्त्यावर डांबर ओतायचा, चौतीस उन्हाळे.
गेला तेव्हा तिनं आणि नर्सनं मिळून त्याला पुसून काढलं.
कोपराच्या वर चार बोटांपर्यंत हात
कोऱ्या चहासारखे,
गळ्यापाशी तेवढाच एक त्रिकोण,
बाकी सगळा माणूस पांढरा,
दुकानातून आणून न उघडलेला.
"दोन माणसं शिवून एक केल्यासारखा.
आणि शिवण इतकी सरळ,
की मी तिथं ओलं फडकं फिरवतच राहिले.
नर्सनं हात धरला माझा."

मला काही सुचलं नाही.
मनगट फिरवत राहिले, वरून खाली, खालून वर.
हात थांबला की थेंब साचतो.

आता आठ तास पाणी नको.
भांडी नको. ढगळ काळे कपडे.
आणि, हे मी प्रत्येकीला सांगते, रडणं नको,
गालावर ओघळ उमटतात.
"ते शनिवारचं काम," ती म्हणाली.

उद्या कोमट पाणी, साबण नाही.
टॉवेलनं पुसायचं नाही, टिपायचं.
मग रोज दोन वेळा क्रीम,
कातडी मऊ राहिली तर हळू झडते,
आठवडा सहज निघतो, कधी दहा दिवस.
त्यापुढे मी काही करू शकत नाही.
हा रंग चढतो तो वरच्या मेलेल्या थरावर,
आणि त्याच्याबरोबरच जातो.

"बरं," ती म्हणाली. एवढंच.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार ढकलून मोझेस आला,
मॅलकीचा कुत्रा, एका डोळ्यानं अधू,
आणि मी ओरडेपर्यंत त्यानं तिची नडगी
तीनदा चाटलीसुद्धा.
घोट्यावर पांढरा पट्टा. वेडावाकडा.
एका मिनिटाचं काम होतं,
मी हातमोजा पुन्हा चढवला.
तिनं पाय खिडकीकडे वळवून बराच वेळ पाहिला.
"असू दे गं. त्याला चव तरी कळली."

गाडीत बसून मी हीटर लावला.
स्टिअरिंगवर माझी दोन मनगटं:
हातमोज्याच्या काठापर्यंत पांढरी,
त्यावर अकरा वर्षांचे उडालेले शिंतोडे,
घासले तरी न जाणारे.
बाही खाली ओढली.
पुढचं घर बालिना. तीन करवल्या. मध्यम.