भोपळा

डुलुथला ऑक्टोबर संपता संपता
सरोवरावरून वारा असा येतो
की पोरांचे हातमोजे शाळेत जोडीनं शिरतात
आणि एकेकटे बाहेर पडतात.

बालवर्गात मी मदतनीस.
कमरेला प्लॅस्टिकचा एप्रन, त्यावर बदकं.
लिंडक्विस्टबाई म्हणतात, आज पाणी.
मग मी निळा टब भरते,
कोपर बुडवून बघते,
बाळाच्या अंघोळीचं बघावं तसं.

फळ्यावर दोन रकाने:
खाली जाणारा बाण. डुलणारी होडी.
किल्ली, बूच, गोटी, सफरचंद.
आधी सांगायचं, मग सोडायचं.
चुकलं तर कुणी काही म्हणत नाही.
हे अंगवळणी पडायला पोरांना दोन मिनिटं लागली,
मला दोन वर्षं.

एमेट म्हणतो सफरचंद बुडणार.
ते वर येतं. तो ते खाली ढकलतो,
परत येतं, परत ढकलतो,
हट्टी माणसाची समजूत घालावी तसा.

मायेरचा हातमोजा चुकून पडतो
(मायेर, जिचं नाव पहिल्या दिवशी
मला माहेर असं ऐकू आलं होतं).
आधी तरंगतो. सगळी बोटं होडीकडे.
मग कडेकडेनं काळा होत,
घाई न करता,
तळाला जातो.
आता हा कुठे लावायचा?
"त्यानं मत बदललं," मायेर म्हणते,
आणि लिंडक्विस्टबाई मुकाट्यानं
फळ्यावर आणखी एक रेघ ओढतात.

मी बावीस वर्षं इस्लामपुरात
आर्किमिडीज शिकवला. खडूनं.
व्याख्या, सूत्र, दोन गणितं, घंटा.
वर्गात कधी वाटीभर पाणी नेलं नाही,
बाक ओले होतील म्हणून.

सगळ्यात शेवटी भोपळा.
हॅलोवीनचा, अजून डोळे न कोरलेला,
दोघांनी मिळून उचललेला.
ओडिन त्याच्या पोटावर थाप मारतो: दगड आहे.
एकोणीस बोटं बाणाकडे.

सोडला.
टब काठोकाठ भरला, सांडला,
माझे पाय घोट्यापर्यंत भिजले.
भोपळा एकदा खाली गेला,
ढेकर दिल्यासारखा वर आला
आणि देठ वर करून निवांत राहिला.

काय तो कल्ला!
मी गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होते
आणि हसत होते, आणि कुणाला सांगणार,
की माझ्या भाषेत भोपळा म्हणजे शून्य.
लाल शाईचे किती काढले मी,
राग आला की देठासकट.
अंकुश खोतच्या वहीवरचा अजून दिसतो.
प्रश्न होता, लोखंडाचं जहाज का तरंगतं.
त्यानं लिहिलं होतं,
"आत जागा ठेवली म्हणून."
सूत्र नव्हतं. मी भोपळा दिला.

आणि बह्याच्या घाटावर, कृष्णेत,
सहा वर्षांच्या मला
पाठीला वाळका भोपळा बांधून
मामानं लोटून दिलं होतं.
हिरवं पाणी नाकात, दोरी पोटाला काचलेली,
आणि पाठीमागून कुणीतरी
वर, वर उचलत असल्यासारखं.
बावीस वर्षं फळ्यावर सूत्र लिहिताना
हे एकदाही आठवलं नाही.

"का?" मायेर विचारते.
उत्तर माझ्या जिभेवर तयार असतं, दोन ओळींचं, पाठ.
गिळते.
सुरी आणते.
टोपी कापून काढल्यावर
ती खांद्यापर्यंत हात आत घालते,
बिया, तंतू, गारवा चाचपत,
बराच वेळ काही बोलत नाही.

मधल्या सुट्टीत तिचा हातमोजा
हिटरवर थेंब थेंब गळत असतो.
उद्या तो परत पाण्यात सोडायचाय, म्हणते,
बघायचंय,
त्याला आठवतंय का.