कात

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी ज्योत्स्नाला मुलगी झाली,
दोन किलो सातशे.
सकाळी आठला सुपडाबाई उपकेंद्रात आली,
हाताला ज्वारीच्या चिकाचा आंबूस वास.
घरी बिबड्यांचं पीठ फसफसलेलं,
बोरीकाठी ऊन चढायच्या आत खाटा भरायच्या,
तरी आली,
आणि माझ्या हातातल्या बाटलीकडे बोट करून म्हणाली,
"सिस्टर, यामा काय शे? रोगच ना?"

मी बाटली हलवली.
पाणी दुधट झालं, गोळे नाहीत; म्हणजे गोठलेली नाही.
लेबलावरच्या गोलातला चौकोन अजून पांढरा.
हे मी रोज बघते, बोलत नाही.
आज बोलावं लागलं.

रोग नाही, म्हटलं. रोगाची कात.
बांधावर सापडते ना,
अख्खी, डोळ्यांच्या खोबणींसकट,
आत साप नसतो.
अंग ती नक्षी लक्षात ठेवतं.
पुढे कधी खरा आला, काविळीचा,
तर ओळखतं.

"मंग कात कोन काढस? सापले धरतस का?"

पूर्वी धरायचे.
आजारी माणसांच्या रक्तातून गाळून काढायचे.
आता त्या विषाणूच्या पोटातली एकच चिठ्ठी घेतात
(कात कशी विणायची, तेवढंच लिहिलेली)
आणि यीस्टला वाचायला देतात.
यीस्ट म्हणजे, सुपडाबाई,
तुमच्या मडक्यात तीन दिवस जे फसफसतंय
त्याच्याच भावबंदांपैकी.
मोठ्या टाकीत ते साखर खातं, वाढतं,
दुसऱ्याची कात विणत बसतं,
का ते न विचारता.
मग फोडतात, गाळतात, धुतात, पुन्हा गाळतात.
उरते ती ही.
अर्धा मिली.

हर्षल दारातून म्हणाला,
"बीटीसारखं ना? बियाण्यात घालतात
तसं पोरीत घालणार?"
चांगला प्रश्न. त्याला कापूस कळतो.
म्हटलं, चिठ्ठी यीस्टमध्ये घातली, ते राहिलं कारखान्यात.
पोरीत जाणार फक्त कात.
कातीला पिल्लं होत नाहीत.

सुपडाबाई हसली नाही.
तिच्या आधी आईची चार गेली होती.
पाचवी ही; सुपात घालून उंबऱ्यावरून ओढली,
नाव असं ठेवलं की मरणानं पाहावं
आणि म्हणावं, हा तर केरकचरा.
धाकटा उकिर्डू, तोही जगला.
तेव्हा एवढंच होतं हातात.
नवरा दगा मात्र बेचाळिसाव्या वर्षी पोट फुगून गेला,
गळ्यात काविळीची माळ.
माळ लांबत गेली तशी लोक म्हणाले, उतरतेय.

चोवीस तासांच्या आत द्यायची असते ही.
आईपासून लेकीपर्यंतची वाट
तो आजार जन्माच्या वेळीच चालतो.
ज्योत्स्नाचा रिपोर्ट चांगला होता.
तरी.

डाव्या मांडीत सुई.
पोर पंख्याच्या आवाजावर आवाज चढवून रडली.
सुपडाबाईनं हात पुढे केला;
चोळू नका, म्हटलं.
दीड महिन्यानं आणा, मग अडीच, मग साडेतीन.
एकदा पाहून नक्षी पुरती पाठ होत नाही.

रजिस्टरात नावाचा रकाना.
मी पेन धरून थांबले.
"देखनं ठेवसूत. घाई नई शे," म्हणाली,
आणि घाईनं निघाली.
पीठ आणखी आंबलं
तर बिबडे कोणी खात नाही.