काटा दहाच्या पटीत बोलतो

सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या गल्लीमागे
ट्रकचा काटा आहे. तिथे मी बसते. सोळा वर्षं.
भरलेली गाडी, रिकामी गाडी,
वजाबाकी करायची, पावती फाडायची.
टायर किती दबलेत ते बघून
मी टनाचा आकडा आधीच सांगते.

डॉक्टर उपाध्यांच्या काट्यावर
ब्याऐंशी किलो चारशे. साखर काठावर.
म्हटलं, वैशाखात भाचीचं लग्न आहे,
तोवर वीस तरी उतरवा.
ते चष्मा पुसत राहिले.
"मगदूमबाई, आठवड्याला अर्धा किलो.
कधी पाव. कधी काहीच नाही. कधी उलट वर.
आणि भाकरी सोडायची नाही."

अर्धा किलो!
माझा काटा दहाच्या पटीत बोलतो.
अर्धा किलो म्हणजे टायरचा चिखल,
क्लीनरच्या बाटलीतलं उरलेलं पाणी.
त्याची पावती कोण करतं?

विश्रामबागेत खांबावर कागद होता:
महिन्यात पंधरा किलो, खात्रीशीर.
नंबर वहीच्या मागच्या पानावर उतरवला,
फोन मात्र केला नाही, पैसे वाचवले,
आणि आपल्याच अकलेनं दोन दिवस काकडीवर काढले.
तिसऱ्या रात्री ओट्यापाशी, उभ्यानं,
दिवा न लावता
भडंगाचा अख्खा पुडा.
सकाळी गाऊनवर शेंगदाण्याची सालं.

मालन सनदी हळद निवडता निवडता
कुणाच्या तरी मालाला नावं ठेवत होती:
"घाई केली मेल्यानं. वरनं खडखडीत, आतनं वली.
पाच पोत्याचं एक पोतं व्हायचं म्हंजे
पंधरा दिस ऊन खायाच पायजे का नको?"
तिनं एक कांडी मोडली. आवाजच आला नाही.
मी वही उघडली, मागचं पान फाडलं.

मग आयर्विन पुलावर पहाटे. आधी निम्म्यापर्यंत,
कठड्याला धरून, नदी बघतेय असं दाखवत.
डिसेंबरात दोन किलो गेले.
संक्रांतीनं सातशे ग्रॅम परत आणले.
फेब्रुवारीत काटा हललाच नाही,
मी डॉक्टरांवर चिडले, ते म्हणाले, "चालत राहा."

लग्नात थोरली म्हणाली, "आहेस तश्शीच आहेस."
शिंप्यानं हुकांची ओळ बोटभर आत घेतली होती,
हे तिला काय दिसणार.

काल हुक्केरीचा इराप्पा पावती विसरून निघाला.
गेटपर्यंत पळत गेले त्याच्या गाडीमागे.
पोचल्यावर, अहो, बोलताही आलं.

संध्याकाळी शेवटची गाडी उतरल्यावर
चपला काढून मी एकटी उभी राहिले
त्या एवढ्या थोरल्या लोखंडी पत्र्यावर.
डॉक्टरांकडे पंचाहत्तर सहाशे.
इथे खिडकीतून लाल आकडा: ऐंशी.
पहिल्या दिवशीही ऐंशीच होता.

उभी राहिले जरा.
पत्रा दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट होता.