सरळ रेषेत नऊशे चाळीस

अर्जावर आईची सही, म्हणजे अंगठा,
जांभळ्या शाईचा, जरा तिरका.
"माझी मुलगी आम्रपाली तायडे, इयत्ता चौथी,
मानखुर्दच्या बिल्डिंग चौदा-ब मधून शाळेत चालत जाते.
तरी शाळेची गाडी मिळावी ही विनंती."
अक्षर मुलीचंच. 'विनंती'तला न दोनदा गिरवलेला.

मी शिक्षण विभागातला कारकून.
अर्जाला क्रमांक द्यायचा आणि नियम आठवायचा:
पहिली ते पाचवी, शाळा एक किलोमीटरच्या आत.
नसेल तर गाडी द्यायची, फुकट,
आणि ती महापालिकेनं द्यायची.
उपकार म्हणून नव्हे. तसं छापलंय, मी वाचलंय.

साहेबांनी नकाशावर पट्टी ठेवली.
"नऊशे चाळीस मीटर. नियमात बसत नाही."
पट्टीखाली नाला होता,
गोदामाची भिंत होती, वर काचा लावलेली,
आणि हायवे, पेन्सिलीच्या रेघेएवढा.
कावळा जाईल, असं मी मनात म्हणालो.
तोंडानं म्हणालो, "जागेवर मोजून येतो, साहेब."

कपाटातून मोजणीचं चाक काढलं,
दर मीटरला टक् करणारं.
सकाळी सहा चाळीसला ती खाली उभी,
दप्तर पोटाशी धरून. पाठीचा बंद तुटलेला.
"माझ्या मागनं या. पुढं गेलात तर चुकाल."

टक्. टक्.
भंगारवाल्याची कुत्री, म्हणून पलीकडून.
नाल्यावर फळी होती, ती कुणी तरी नेली,
म्हणून पाइपलाइनपर्यंत उलटं.
टक्.
हायवेशी ती थांबली. मी थांबलो. चाक थांबलं.
डंपर गेले, सिमेंटचे मिक्सर गेले,
परत डंपर.
"काका, उभं राहिलेलं हे मोजतं का?"
नाही गं.
"मग खोटंच की."

फाटकाशी आकडा: एक हजार आठशे बासष्ट.
तो मी लिहिला, अक्षरीही लिहिला,
वरच्या मजल्यावर कुणी एकाचा दुसरा करू नये म्हणून.

मग फाइल निघाली. तिला कुठं चालायचं होतं!
शिपायाच्या काखेतून, लिफ्टनं, तिसऱ्या मजल्यावर.
शेरा आला: कोणता रस्ता धरला, खुलासा करावा.
खुलासा केला.
शेरा: नाल्यावर पूल प्रस्तावित आहे काय?
पूल विभागाला विचारलं. पूल विभाग गप्प.
आचारसंहिता लागली, उठली.
साहेब बदलले. नव्या साहेबांकडे स्वतःची पट्टी होती.
मधूनच आई येऊन जायची,
बाकावर बसायची, न विचारताच उठायची.

जूनमधल्या एका सोमवारी उत्तर आलं,
हिरव्या शाईत, गोल शिक्क्यासह:
विद्यार्थिनी आता सहावीत.
सहावीला मर्यादा तीन किलोमीटर.
सबब प्रकरण दप्तरदाखल.

तोच रस्ता, तेच डंपर.
मे महिन्यात झोपली तेव्हा शाळा लांब होती,
जूनमध्ये उठली तर कायद्यानं जवळ आलेली.
मी ती ओळ तीनदा वाचली. चूक सापडली नाही.
चूक नव्हतीच, हेच तर.

या वेळी आई आली नाही. ती आली, एकटी.
माझ्या खिडकीच्या कठड्याला आता हनुवटी टेकेल एवढी.
मी उत्तर कसं सांगावं ते जुळवत होतो,
तिनं ऐकून घेतलं नाही. कागद सरकवला:
बोधी आनंदा तायडे, इयत्ता पहिली.
'मिळावी'च्या जागी 'द्यावी'.
'विनंती' कुठंच नव्हती.
खाली अंतर, अंकी आणि अक्षरी,
एक हजार आठशे बासष्ट.

"चाक घेऊन या," म्हणाली,
"पण जरा लवकर या.
तो हळू चालतो."