वहीची मागची बाजू

वही निळी. पुठ्ठ्यावर बाळाचं नाव : बीट्रिस.
समोरून उघडली की तिचा दिवस.
सात चाळीसला चार औंस दूध,
नऊला शी, पातळसर, हिरवट,
साडेनऊ ते दहा पाच झोप, डाव्या कुशीवर.
बाईंना थेंबाथेंबाची नोंद लागते
आणि मी ठेवते. अक्षर माझं चांगलं आहे,
बेक्विआच्या शाळेत फळा मीच लिहायचे.

मागून उघडली की माझा.

मंगळवार. "दहाच मिनिटं, डोरेला, मीटिंग लांबलीय."
पंचावन्न.
गुरुवार. बर्फ. भुयारी गाड्या बंद.
रात्र त्यांच्या सोफ्यावर. बाळ तीनदा उठलं,
तीनदा मीच उठले.
ऑगस्ट. ते सगळे मेनला, समुद्रावर, दोन आठवडे.
आम्हीच नाही तर काम कसलं, म्हणाले साहेब.
घरभाडं मात्र माझ्यासोबत ब्रुकलिनमध्येच राहिलं.

"तू तर आम्हाला घरच्यासारखी."
हा शब्द मी पुष्कळ दिवस खिशात बाळगला,
नाण्यासारखा. एकाही दुकानात चालला नाही.
घरच्यासारखी, म्हणजे
घरात सारखी.

तळ्याकाठच्या बाकावर पासांग आपला दर सांगत नाही,
लाजते, जसं काही आजाराचं नाव सांगायचंय.
ग्लेनीस सांगते. इतक्या मोठ्यानं की बदकं उडतात.
"तासाला बावीस. चाळिसाच्या पुढचा तास दीडपट.
कागदावर. सहीनिशी."
सहा बाबागाड्या, सहा जणी, सगळ्या गप्प.
मग पासांगने हातमोजा काढला
आणि बोटांवर दाखवलं : दहा. थांबून, आणखी दोन.

फेब्रुवारीत दोन्ही हिशोब मधल्या पानावर भेटले.
डावीकडे तिचं दूध, उजवीकडे माझे तास,
मध्ये नुसता शिवणीचा दोरा.
वही तशीच उघडी ठेवली ओट्यावर, केळ्यांशेजारी.
कोट घातला. सहा वाजून एक मिनिट.

सकाळी वही तिथेच. केळं एक कमी.
माझ्या बेरजेखाली पेन्सिलची बेरीज,
बाईंची, एकदा खोडून पुन्हा केलेली.
माझे एकशे एकोणचाळीस तास, चाळीस मिनिटं.
त्यांचे एकशे एकोणचाळीस, वीस.

समोरासमोर बसलो. बीट्रिस माझ्या मांडीवर,
दात येतायत, माझंच बोट चावत.
ओळ न् ओळ तपासली. सापडली वीस मिनिटं :
नोव्हेंबर, शुक्रवार, ताप, डॉक्टरकडून परतीची टॅक्सी.
"तेव्हा तर आपण नुसत्या बसलोच होतो ना," बाई म्हणाल्या.
बाळ कुणाच्या मांडीवर होतं, मी विचारलं.

फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला.
मग त्यांनी रबर शोधलं. वीस पुसलं.
चाळीस लिहिलं.

पैशांचं अजून कुणीच काही बोललं नव्हतं.
सात चाळीस झाले. मी उठले,
दूध कोमट करायला ठेवलं,
आणि म्हटलं, नवी वही लागेल.