तीनशे बारा

मूरटाऊनच्या वृद्धाश्रमात ऑक्टोबरपासूनच
रेडिएटर तापलेले असतात.
मी कोट काढायच्या आत इबोयाबाईंनी विचारलं,
"मोजलीस?"

मोजली.
पश्चिमेच्या फाटकापासून स्वयंपाकघराच्या जोत्यापर्यंत.
स्वयंपाकघर उरलेलं नाही, जोतंच आहे,
शेवाळलेलं, कडेला काचेखाली नकाशा.
माझ्या पायांनी तीनशे बारा.
मोजचाकाने दोनशे एकोणतीस मीटर आणि थोडं.
दुसऱ्या दिवशी पावसात पुन्हा मोजली,
तेव्हा सहलीला आलेली शाळकरी मुलं
वाट सोडून बाजूला उभी राहिली,
कुणाची तरी अंत्ययात्रा चालली असावी तशी.

"नऊशे," इबोयाबाई म्हणाल्या.

त्यांच्या तिन्ही जबान्या माझ्याकडे आहेत,
वीस-वीस वर्षांच्या अंतराने घेतलेल्या.
तारखा सरकतात.
पहारेकरणीचे पिवळे केस पुढे तांबडे होतात.
नऊशे हलत नाही.
माझ्या तक्त्यात एक रकाना आहे, मथळा 'तफावत'.
विद्यापीठाला तो आवडतो.

मी नकाशा उलगडला, त्यांनी तो पाहिला नाही.
चष्मा पुसत राहिल्या.
"माझे बूट लाकडाचे होते, वाई," त्या म्हणाल्या,
वैजयंती त्यांना कधी जमलंच नाही,
"दोन्ही डाव्या पायाचे."
खडावा, माझ्या मनात आलं,
आणि आलेल्या शब्दाची लाज वाटली.
आमच्याकडे त्या संतांच्या पायांत असतात,
देव्हाऱ्यात ठेवतात, फुलं वाहतात.

मग पातेल्याचं सांगितलं.
कानांत बांबू घालून दोघींनी उचलायचं,
पुढे झुझी, मागे या.
सांडलं तर मार,
म्हणून पाऊल टीचभर.
पन्नास झाली की खांदा बदलायचा,
म्हणून मोजायचं, मोठ्याने नाही.
हे सगळं जबानीत आहे. मला पाठ आहे.

जे नव्हतं ते त्यांनी चहात बिस्कीट बुडवताना सांगितलं.
"झुझीला आकडे जमायचे नाहीत.
वीसच्या पुढे ती हरवायची.
तिचीही मीच मोजायचे, बहुधा."
बिस्कीट तुटून कपात पडलं.
चमच्याने काढलं, खाल्लं,
कपही निपटून घेतला.

मी लिहिलं नाही. टेपही लावली नव्हती.

साडेबाराला जेवण झालं.
जेवणानंतर त्यांना चालवतात,
खोलीपासून माशांच्या टाकीपर्यंत आणि परत,
चाकाच्या आधाराने, शेजारी मी.
म्हटलं, आमच्या भाषेत याला शब्द आहे, शतपावली.
जेवून झालं की शंभर पावलं. माझे वडील घालायचे,
गॅलरीत, हात मागे बांधून, ढेकर देत.

त्या थांबल्या. चाकही थांबलं.
"जेवल्यानंतर चालायला?"
हसल्या, खोकला येईपर्यंत हसल्या.
नर्स पाणी घेऊन आली.
"जेवल्यानंतर! फक्त शंभर!
पुन्हा म्हण."
शतपावली.
"शातापावली," त्या म्हणाल्या. माझ्या नावापेक्षा बरं जमलं.

परतीच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर
पावतीच्या मागे गणित मांडलं.
दोनशे एकोणतीस मीटर,
टीचभर पाऊल म्हणजे अर्धा मीटर धरू,
गुणिले दोघी.
नऊशेच्या इतकं जवळ आलं
की मी पेनचं टोपण लावलं.
बाहेर हॅरोगेट रोडवर दिवे लागत होते.
ती पावती प्रवासखर्चाची होती,
ती जोडल्याशिवाय विद्यापीठ पैसे देत नाही.
मी ती जोडलेली नाही.

तक्त्यात अजून तीनशे बारा आहे,
त्याच्या शेजारी नऊशे,
आणि तफावतीच्या रकान्यात
कर्सर उघडझाप करतोय.
खाली रस्त्यावर कुणीतरी कुत्र्याला फिरवतंय.
माझं जेवण झालंय, पण उठवत नाही.